सात मिनिटं उशिरा : निओ स्पोर्ट्स नावाच्या वाहिनीची गोष्ट

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराने बंद पडलेल्या टीव्ही चॅनेलवर काय बोलायचं? त्यांना मी म्हटलं, हक्क म्हणजे काय आणि मालकी म्हणजे काय, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि मुलं जांभया देत बसली. तेच प्रश्न क्रिकेटच्या सामन्याला लावले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही सरसावून बसतो. तर आज तेच करू.

निओ स्पोर्ट्स हे नाव इथे किती जणांना आठवतंय? पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. मुंबईची निंबस नावाची कंपनी होती, हरीश थवानी तिचे प्रमुख. या कंपनीने २००६ साली ही वाहिनी काढली. पुढे निओ क्रिकेट आली. काही वर्षं असं होतं, की भारतीय संघ भारतात खेळला, तर तो बघायचा मार्ग निओवरून जायचा. आज रिमोटवर शोधलीत तर ती सापडणार नाही. गेली. पण जाण्याआधी तिने एक भांडण उभं केलं, ते दिल्लीच्या न्यायालयात गेलं, त्यावरून सरकारने रातोरात अध्यादेश काढला, त्याचा कायदा झाला, आणि तो कायदा आजही तुमच्या घरातल्या टीव्हीपर्यंत पोचतो. म्हणून ही गोष्ट सांगायची.

आधी एक फरक समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडे यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. लोकवर्गणी गोळा होते, पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मोठ्या कुस्त्या इनामावर लागतात. बघायला तिकीट नाही. ज्याला जागा मिळेल त्याने उभं राहावं, नाही मिळाली तर झाडावर चढावं. त्याच यात्रेत तमाशाचा तंबू पडतो. त्याला चारी बाजूंनी कनात असते आणि दारात तिकीट फाडणारा माणूस असतो. कनातीखालून डोकं घालणारी पोरंही असतात, त्यातली काही आज इथे बसलेली असतील, त्यांनी हात वर करायची गरज नाही. आता बघा, गंमत अशी की हगाम्याची नीती तंबूला लावता येत नाही आणि तंबूची हगाम्याला लावता येत नाही. फडमालकाने शंभर माणसांचा पगार द्यायचा असतो. कनात नसेल तर तो देणार कुठून? आणि हगाम्याला कनात लावली तर गाव म्हणेल, वर्गणी आमची आणि तिकीटही आम्हीच काढायचं?

भारताचा क्रिकेट सामना म्हणजे हगामा की तंबू? निओचं सगळं भांडण एवढंच होतं. आणि मला विचाराल तर याचं उत्तर अजून पुरतं लागलेलं नाही.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण आपल्याकडे खेळ पोचला तो रेडिओवरून. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय सांगावं! आपल्या तर्कशास्त्रात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यात प्रत्यक्ष वेगळं आणि शब्द वेगळा. विश्वासू माणसाने सांगितलेलं ते शब्दप्रमाण. रेडिओचं क्रिकेट हे निखळ शब्दप्रमाण होतं. चेंडू आपण कधी पाहिलाच नाही, पण पंडित म्हणाले सीमारेषेपार गेला म्हणजे गेला. मग १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आलं, १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि खेळ डोळ्यांनी बघायची सवय लागली.

त्या काळात दूरदर्शन एकटंच होतं. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा प्रक्षेपणाचा खर्च म्हणून दूरदर्शनच आयोजकांकडे पैसे मागायचं. म्हणजे नाटक तुमचं, नट तुमचे, आणि नाटक दाखवल्याबद्दल पैसेही तुम्हीच द्या! सरकारचं म्हणणं असं, की १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे हवेतून संदेश पाठवायचा अधिकार एकट्या सरकारचा. इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेला कायदा, आणि शंभर वर्षांनी त्याच्या आधारावर सचिन तेंडुलकर दाखवायचा की नाही हे ठरणार.

ठिणगी पडली १९९३ साली. बंगाल क्रिकेट संघटनेला साठ वर्षं झाली म्हणून हिरो कप भरला. संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय नावाच्या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन बिथरलं. त्या कंपनीची यंत्रसामग्री मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी अडवली. सामने तोंडावर, कॅमेरे अडकलेले, शेवटी न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने वाट निघाली. तुम्हाला तो उपान्त्य सामना आठवत असेल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू दिला सचिनच्या हातात. भारत दोन धावांनी जिंकला. आणि अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत ६ गडी टिपले. एवढं सगळं देशाने पाहिलं ते न्यायालयाच्या दारातून आलेलं होतं.

या खटल्याचा अंतिम निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. तो मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावायचो. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. आपला मराठी माणूस, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, २०२१ साली पुण्यात वारले. त्यांच्यासोबत न्या. मोहन होते, आणि न्या. जीवन रेड्डींनी स्वतंत्र पण सहमतीचं निकालपत्र लिहिलं. निकालाचा गाभा साध्या भाषेत सांगतो. हवेतल्या लहरी मर्यादित आहेत आणि त्या जनतेच्या मालकीच्या आहेत. सरकारच्या नाहीत, कंपनीच्या नाहीत. माहिती देण्याचा आणि माहिती घेण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणून लहरींचा कारभार एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेने बघावा, सरकारची मक्तेदारी चालणार नाही.

इथे दोन शब्द ठळक करून ठेवा. ‘माहिती घेण्याचा’. म्हणजे बघणाऱ्याचाही हक्क असतो. आजवर दोनच पक्ष होते, दाखवणारं सरकार आणि खेळवणारं मंडळ. न्यायालयाने तिसरी खुर्ची मांडली, प्रेक्षकाची. आता त्या खुर्चीवर प्रेक्षक बसला का? खुर्ची मांडली गेली, आणि तिच्यावर सरकार जाऊन बसलं, प्रेक्षकाचा प्रतिनिधी म्हणून. ते कसं, ते सांगतो.

मक्तेदारी तुटल्यावर बाजार खुला झाला. स्टार, ईएसपीएन, टेन स्पोर्ट्स अशा वाहिन्या उपग्रहावरून आल्या आणि खाली केबलवाल्याने त्या गल्लीत पसरल्या. २००४ मध्ये भारताचा संघ पाकिस्तानला गेला तेव्हा टेन स्पोर्ट्सकडे हक्क होते. आरडाओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि दूरदर्शनवर सामने दिसले, पण टेनचं बोधचिन्ह आणि टेनच्या जाहिरातींसकट. म्हणजे वाद निओच्या आधीपासून शिजत होता.

मग आलं २००६. निंबसने क्रिकेट मंडळाकडून चार वर्षांचे हक्क घेतले, ६१ कोटी २० लाख डॉलरना. त्या वेळच्या दराने साधारण २,७०० कोटी रुपये. आता कंपनीने हे पैसे वसूल कसे करायचे? दोन वाटा. एक जाहिराती, दुसरी वर्गणी.

वर्गणीची वाट कशी होती बघा. तेव्हाची केबल म्हणजे साधी तार. कोणाच्या घरात काय दिसतं हे कंपनीला कळायची सोय नव्हती. केबलवाल्याकडे पाचशे जोडण्या असायच्या, कागदावर तो शंभर दाखवायचा. वाहिनीला पैसे शंभरांचे. बाकी चारशे घरांचे पैसे मधल्या मध्ये. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळे त्यावर चिडायचे आणि सगळे त्यातच धंदा करायचे. फडमालकाने तंबू लावला, पण तिकीट फाडणारा माणूस दुसऱ्याचा, आणि गल्ला त्याच्या खिशात, असा तो प्रकार.

जाहिरातींची वाट सामना चालू असतानाच उघडी. आणि भारतात भारताचे सामने वर्षाला किती दिवस? वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. बाकीचे दिवस जुने सामने पुन्हा पुन्हा दाखवायचे. मला स्वतःला जुने सामने आवडतात, पण साबण विकणाऱ्याला ते आवडत नाहीत.

अशा अवस्थेत २१ जानेवारी २००७ उजाडला. नागपूर. वेस्ट इंडिजविरुद्ध मालिकेतला पहिला एकदिवसीय सामना. सौरव गांगुली पुन्हा एकदिवसीय संघात आलेला. त्याने ९८ केल्या आणि धावचीत झाला. भारत ३ बाद ३३८. उत्तरात चंदरपॉल नाबाद १४९, वेस्ट इंडिज ३२४ पर्यंत गेले. चौदा धावांनी जिंकलो आपण. आणि महाराष्ट्रात खेळला गेलेला हा सामना महाराष्ट्रातल्या अँटेनावाल्या घरात थेट दिसला नाही.

का दिसला नाही? निओ म्हणत होती, सिग्नल देतो, पण आधी तुम्ही कनात लावा. दूरदर्शनचं प्रक्षेपण उपग्रहावरून उघडं जायचं. डिसेंबर २००४ पासून डीडी डायरेक्ट ही मोफत डिश सेवा सुरू झालेली होती, आज तिला फ्री डिश म्हणतात. उपग्रहाची सावली देशाच्या सीमेवर थांबत नाही. शेजारच्या देशात छत्री लावली की तिथेही फुकट. आणि त्या देशांतले हक्क निंबसने वेगळे विकलेले किंवा विकायचे होते. तेव्हा निओची मागणी, की सिग्नल कुलूपबंद करा, सांकेतिक करा. दूरदर्शनने म्हटलं, आमचं काम सगळ्यांना दाखवायचं, कुलूप लावायचं नाही. दोघांचंही खरं होतं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याला भांडणात एक खोटा लागतोच.

दिल्ली उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. दूरदर्शनने सामना दाखवावा, पण सात मिनिटं उशिरा.

सात मिनिटं! मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला याहून सुंदर उदाहरण कुठे मिळणार? जरा थांबू इथे.

षटकाला साधारण चार मिनिटं धरली तर सात मिनिटं म्हणजे दहा-अकरा चेंडू. चित्र तेच. रंग तेच. समालोचन तेच. एक चेंडूही कापलेला नाही. मग गेलं काय? निओला त्या सात मिनिटांत आपली किंमत का दिसत होती? आणि न्यायालयालाही ती का पटली?

कल्पना करा. पेठेत केबल आहे, वस्तीवर अँटेना आहे. पेठेत फटाका वाजतो. वस्तीवरच्या टीव्हीत गोलंदाज अजून रन-अपच्या टोकाला उभा आहे. २००७ मध्ये मोबाईल गावागावात आले होते, पेठेतला मेहुणा फोन करतो, ‘पाहिलं का? उडाला!’ आणि वस्तीवरचा माणूस विचारतो, ‘कोण?’ इथे त्याचं काहीतरी हिरावलं गेलंय. त्याच्यापुढे चालू आहे ते झालेलं आहे, आणि ते झालेलं आहे हे त्याला माहीत आहे. तो सामना बघत नाही, सामन्याची बखर बघतो.

थेट प्रक्षेपणात चित्र विकलं जात नाही. चित्र दुसऱ्या दिवशीही मिळतं, आणि कोणी फुकटही घेत नाही. विकलं जातं ते पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसणं. खेळपट्टीवरच्या फलंदाजाला माहीत नाही, पंचाला माहीत नाही, मुंबईच्या शेठला माहीत नाही आणि वस्तीवरच्या गड्यालाही माहीत नाही. त्या क्षणापुरते सगळे एका रांगेत. एरवी आपल्या समाजात शेठ आणि गडी एका रांगेत कधी असतात? बातमी शेठला आधी कळते, बाजारभाव शेठला आधी कळतो. सामन्यात तेवढं नसतं. न्यायालयाच्या तोडग्याने तिथेही रांग लावली. पैसेवाला आत्ता, बिनपैशाचा सात मिनिटांनी. मी न्यायाधीशांना दोष देत नाही, दोन पक्षांत तडजोड करताना त्यांच्यापुढे हाच पर्याय मोकळा होता. पण ‘सगळ्यांना दिसतंय ना, मग तक्रार काय?’ असं जे तेव्हा म्हटलं गेलं, ते मला पटलेलं नाही. दिसणं आणि सोबत दिसणं यांत फरक आहे.

याच्याच शेजारचा एक प्रश्न पुढे निघाला. सामना दाखवायचा हक्क विकत घेतला, तर धावसंख्येवरही मालकी येते का? कंपन्या एसएमएसवर स्कोअर पाठवायच्या, त्यावर स्टारने खटला भरला. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, घडलेली गोष्ट ही माहिती आहे, एकदा जगजाहीर झाली की ती कोणाच्या मालकीची नाही. तेव्हा मेहुण्याच्या फोनला कायद्याने मुभा आहे.

नागपूरनंतर सरकारने वाट पाहिली नाही. फेब्रुवारी २००७ च्या सुरुवातीला अध्यादेश निघाला आणि मार्चमध्ये संसदेने कायदा केला. प्रियरंजन दासमुन्शी तेव्हा माहिती व प्रसारण मंत्री होते. कायदा काय म्हणतो? राष्ट्रीय महत्त्वाचा खेळ केबलवर किंवा डिशवर थेट दाखवायचा असेल, तर त्याच वेळी, म्हणजे सात मिनिटं नाही, सात सेकंदही नाही, त्याच वेळी तो सिग्नल प्रसार भारतीला दिला पाहिजे. आणि स्वतःच्या जाहिराती काढून दिला पाहिजे. दूरदर्शन त्यात आपल्या जाहिराती घालणार, आणि त्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला, २५ दूरदर्शनला. रेडिओसाठी निम्मे-निम्मे. रेडिओची आठवण ठेवली हे मला बरं वाटलं.

राष्ट्रीय महत्त्वाचं काय, हे सरकार अधिसूचनेने ठरवणार. ऑलिंपिक, एशियाड, राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. क्रिकेटमध्ये भारतीय पुरुष संघाचे सगळे अधिकृत एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामने आले. कसोटी मात्र सरकारला लोकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटेल तीच. म्हणजे पाच दिवस चालणारं जे काही आहे, ते महत्त्वाचं आहे का याचा विचार दिल्लीत बसून करणार! आम्हा जुन्या लोकांना ते जरा टोचलं.

निओचं मरण या कायद्याने ओढवलं असं तेव्हा अनेक जण म्हणायचे. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. तथ्य कसं ते सांगतो. केबलच्या कायद्याने केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्याच लागतात. म्हणजे एकाच तारेतून निओही येणार, पैसे देऊन, आणि दूरदर्शनही येणार, फुकट, आणि दोन्हीकडे तोच सामना. मग केबलवाला निओला का पैसे देईल? कायद्याचा हेतू होता वस्तीवरच्या अँटेनावाल्याला सामना मिळावा. त्याला मिळाला. पण त्याच्या नावाखाली शहरातल्या केबलवाल्यालाही फुकट मिळाला, ज्याला द्यायचं काहीच कारण नव्हतं.

उरलेलं अर्धं निओचं स्वतःचं. या वाहिनीकडे मालकीचं काहीच नव्हतं. मैदान मंडळाचं, संघ मंडळाचा, तार केबलवाल्याची. तिच्याकडे होता एक करार, मुदतीचा. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात भारत बांगलादेशकडून हरला, श्रीलंकेकडून हरला आणि गटातच बाहेर पडला. ते सामने निओवर नव्हते, पण क्रिकेटवरच्या जाहिरातींची हवा सगळीकडेच गेली. एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, ती सोनीकडे गेली, आणि जाहिरातदारांना दीड महिन्यात रोज संध्याकाळी हमखास गर्दी मिळू लागली. तरीही २००९ मध्ये निंबसने पुढच्या चार वर्षांसाठी पुन्हा बोली लावली, सुमारे २,००० कोटींची, दर सामन्याला ३१ कोटी २५ लाख. न लावून करणार काय? वाहिनी चालू ठेवायची तर सामने हवेत, सामने हवेत तर बोली हवी, बोली फेडायची तर वाहिनी चालायला हवी. आपल्याकडे मागचं कर्ज फिटलं नाही म्हणून पुढच्या हंगामाला नवं कर्ज काढतात, ते तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

डिसेंबर २०११ मध्ये मंडळाने पैसे थकल्याचं कारण देऊन करार रद्द केला. एप्रिल २०१२ मध्ये स्टारने सहा वर्षांसाठी ३,८५१ कोटींना हक्क घेतले. आणि नशीब बघा, ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबई-दिल्लीत जुनी केबल बंद होऊन घरोघर डिजिटल डबे आले. म्हणजे कोणत्या घरात काय दिसतं याची मोजदाद सुरू झाली. जे तिकीट फाडणं निओला हयातभर जमलं नाही, त्याची सोय ती पडल्यावर वर्षभरात झाली. करार गेल्यानंतर निओवर २०१२ ची युरो फुटबॉल स्पर्धा दिसली, आणखी काही परदेशी खेळ दिसले, पण ज्या खेळासाठी लोक तिचा नंबर लक्षात ठेवायचे तो गेला, आणि लोक नंबर विसरले.

कनातीचा प्रश्नही सुटला, पण उशिरा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याने वाटून घेतलेला सिग्नल दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि आपल्या मोफत डिशवरून दाखवावा, खासगी केबल-डिशवाल्यांनी तो वापरू नये. निओला २००७ मध्ये हा निकाल मिळाला असता तर ती जगली असती का? मला वाटतं, काही वर्षं जास्त जगली असती. मोठा भांडवलवाला आल्यावर पडलीच असती. स्टारच्या मागे जगातलं भांडवल उभं होतं.

आणि आता आकडे असे झालेत की माझ्यासारख्याला शून्यं मोजावी लागतात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यात टीव्हीचे २३,५७५ कोटी आणि मोबाईल-इंटरनेटचे स्वतंत्र. टीव्हीचे स्टारने घेतले, देशातल्या मोबाईल-इंटरनेटचे वायाकॉमने. प्रतिस्पर्धी. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ते दोघे एकत्र झाले! २००६ मध्ये निदान चार फड होते. आज एकच मोठा तंबू आहे.

यात आपली जागा कोणती? आपण म्हणतो, आम्ही ग्राहक. नीट बघा. सामन्याची किंमत कशाने ठरते? खेळाडूच्या घामाने ठरत असती तर आपल्या कबड्डीवाल्याला आणि मल्लाला तेवढीच मिळाली असती. ती ठरते आपण किती जण त्या वेळी पडद्यासमोर बसतो यावरून. जाहिरातदार वाहिनीकडून आपलं बसणं विकत घेतो. म्हणजे त्या हजारो कोटींमध्ये कच्चा माल आपण पुरवलेला आहे. ऊस आपला, काटा त्यांचा. मग मी विचारतो, १९९५ च्या निकालाने ज्याला हक्कदार म्हटलं, त्याला २००७ च्या कायद्यात काय मिळालं? कायदा नीट वाचा, तो सगळा प्रसार भारती आणि हक्कधारक यांच्यातला आहे. जाहिरातीची वाटणी त्या दोघांत. प्रेक्षक त्यात लाभार्थी आहे, पक्षकार नाही. शिवाय कायदा बोलतो टीव्ही आणि रेडिओबद्दल. इथल्या तरण्या पोरांपैकी निम्मी सामना बघतात हातातल्या फोनवर. तिथे ‘सगळ्यांना, त्याच वेळी’ हे बंधन घालणारं त्या कायद्यात काही नाही. आणि फोनवरचं चित्र टीव्हीच्या मागे असतं, हे तुम्ही रोज अनुभवता. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो. म्हणजे पैसे भरूनसुद्धा पुन्हा उशीर आहेच.

माझं बोलणं इथे थांबवतो. वेळ आहे, प्रश्न विचारा.

(श्रोत्यांमधून एका तरुणाचा प्रश्न : सर, आता हगाम्यातही मुलं मोबाईल लावून कुस्त्या थेट दाखवतात. काही चॅनेलवाले तर कॅमेरे घेऊन येतात, हजारो लोक बघतात, त्यांना जाहिरातीचे पैसे मिळतात. यात्रा कमिटीला काही मिळत नाही, पैलवानालाही नाही. मग तो हक्क कोणाचा?)

फार चांगलं विचारलंत. खरं तर व्याख्यान इथूनच सुरू करायला हवं होतं.

कायद्याने बघितलं तर कुस्तीवर कोणाचाच स्वामित्वहक्क नाही. जो चित्रण करतो त्याच्या चित्रणावर त्याचा हक्क येतो. क्रिकेट मंडळाकडे तरी काय असतं? मैदानाचा ताबा असतो. आत कोणी यायचं, कॅमेरा कोणी लावायचा, याची अट ते घालू शकतात, आणि ती अट ते विकतात. सगळी हजारो कोटींची इमारत त्या दरवाज्यावर उभी आहे. तुमच्या हगाम्याला दरवाजा नाही, आणि तो नसावा असंच मला वाटतं. पण मैदान ठरवतं कोण, आखाडा आखतं कोण? कमिटी. तेव्हा आखाड्याच्या कडेला तिवई लावून व्यवसाय करणाऱ्याला अट घालता येते. हातात मोबाईल धरून पुण्यातल्या भावाला कुस्ती दाखवणाऱ्या पोराला मात्र घालू नये. त्याला काही मिळत नाही, आणि तो भाऊ वर्गणी पाठवणारा असतो.

(तोच तरुण : म्हणजे करार करायचा?)

करार म्हटलं की लोक घाबरतात. साधं करा. हगाम्याचं पत्रक छापता ना, त्यात कुस्त्यांचे इनाम लिहिता, नियम लिहिता. त्यातच लिहा, की थेट प्रक्षेपण करणाऱ्याने आधी कमिटीला कळवावं, प्रक्षेपण सगळ्यांना मोफत दिसेल असं ठेवावं, आणि जाहिरातीच्या उत्पन्नातला अमुक वाटा इनामाच्या रकमेत टाकावा. वाटा किती तो तुम्ही ठरवा, दिल्लीचा ७५-२५ समोर आहेच. पण पत्रक छापायच्या आधी दोन-चार पैलवानांना बोलवून विचारा. २००६ पासून आजवर जेवढे करार मी वाचले, त्यांत खेळणाऱ्याला आधी विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही.